सात नंबर थांबा

आज संध्याकाळी मी लेकीशी फोनवर बावीस मिनिटं बोलले आणि तिनं माझं एकही वाक्य मधेच तोडलं नाही. तेव्हापासून मला झोप नाही.

माझी मुलगी कुणाचं वाक्य पुरं होऊ देणाऱ्यांतली नाही. लहानपणी गोष्ट सांगायला घेतली की म्हणायची, "ते राहू दे, शेवटी काय झालं ते सांग." म्हणून घरात तिचं नाव घाई पडलं. बत्तीस वर्षांची झाली, कामावर सगळे तिला ताई म्हणतात, पण तिचे बाबा अजून दार उघडताना "घाईबाई आल्या" असंच म्हणतात. आज तिनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "उद्या दहा वाजता जा आणि त्या कागदावर सही करून मोकळी हो. एक पगारवाढ जाईल, जाऊ दे. नोकरी राहील." ती म्हणाली, "बरं."

घाईच्या तोंडी मी बत्तीस वर्षांत "बरं" ऐकलं नव्हतं.

ती रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात काम करते. नऊ वर्षं झाली. मी एकदाच तिथे गेले होते, तिचा डबा घरी राहिला होता म्हणून. तळघरातली लांबट खोली, खिडकी नाही, अकरा खुर्च्या आणि त्यातल्या तीन धड. भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर चहाचा एक डाग. त्या डागाखाली कुठला चौक आहे ते सगळ्यांना पाठ. फोन घेणारे आठ जण एका बाजूला आणि गाड्या हलवणारे तिघं दुसऱ्या बाजूला. घाई आता गाड्या हलवणाऱ्यांत बसते. एका कानावर हेडफोन आणि दुसरा कान उघडा, खोलीसाठी. आधी पाच वर्षं ती फोनवर होती. तिथं पहिला नियम हा, की माणूस रडत असो, ओरडत असो, आधी पत्ता घ्यायचा. काय झालं ते नंतर. फोन मधेच तुटला तरी गाडी पोचली पाहिजे.

हा नियम तिनं घरातही आणला. तिचे बाबा न्हाणीघरात घसरून पडले तेव्हा मी घाबरून तिला फोन केला.

"अगं, सकाळी उठले ते बरे होते, चहा घेतला, मग..."

"आई, सकाळ नको. पडलेत कुठे?"

"न्हाणीघरात. मी त्यांना म्हणत होते की चप्पल..."

"चप्पल नको. डोकं दाराकडे की नळाकडे?"

"नळाकडे. पण तू ऐकून तर..."

"गाडी निघाली आई. आता सांग चप्पल."

बाबा त्या अवस्थेत आतून ओरडले, "तिला म्हणावं, डोकं अजून माझ्याकडेच आहे."

अशी ही मुलगी. आणि तिला आता एका कागदावर सही करायला बोलावलंय, की बस स्थानकावरच्या हल्ल्यात जी माणसं गेली त्यांतल्या काहींची जबाबदारी तिची.

मुद्द्याचं सांगते, नाहीतर तिच्यासारखं कुणीतरी मला थांबवेल.

आमचं मोठं बस स्थानक चार वर्षांपूर्वी नवं केलं. पूर्वी तिथे फलाट होते. नव्या स्थानकात कुणाला काय वाटलं कोण जाणे, फलाट हा शब्द काढून टाकला आणि पिवळ्या पत्र्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: थांबा १, थांबा २, असे चौदा. प्रवाशांना काही अडचण नव्हती. पण रुग्णवाहिकांनाही नंबर असतात. आणि गाडीला थांबवायचं असेल तर कक्षातून एकच शब्द सांगतात. गाडीचा नंबर आणि पुढे "निघा", नाहीतर "थांबा".

दीड वर्षापूर्वी त्या स्थानकात हल्ल्याचा सराव झाला. पोलीस, लष्कर, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळे. कॉलेजातली मुलं लाल रंग फासून जखमी म्हणून सात नंबरच्या थांब्यावर निजवली होती. लष्कराच्या माणसानं वायरलेसवर सांगितलं, "सात नंबर थांबा." सात नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर बाहेरच्या फाटकाशी थांबला. थांबला तो थांबलाच. त्याला सगळे विमान म्हणतात, कारण गर्दीतून गाडी काढताना तो रस्ता वापरतो असं कुणाला वाटत नाही. ते विमान त्या दिवशी फाटकाशी उतरून चहा पीत बसलं. अर्ध्या तासानं लाल रंगातली मुलं कंटाळून उठली, त्याच्या शेजारून चालत गेली आणि एकानं विचारलं, "काका, आम्ही मेलो का अजून आहोत?"

सगळे हसले. साहेबही हसले. साहेब म्हणजे कक्षाचे प्रमुख. सरावानंतरच्या बैठकीत हा किस्सा दोनदा सांगितला गेला, म्हणे. घाई हसली नाही. ती त्या संध्याकाळी थेट माझ्याकडे आली, एक पत्र घेऊन. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणून तिचे अर्जबिर्ज माझ्या नजरेखालून जातात. "शुद्धलेखन बघ," म्हणाली. पत्रात मागणी एवढीच होती, की स्थानकातल्या थांब्यांना वायरलेसवर तरी फलाट म्हणा, नाहीतर आमच्या गाड्यांना नंबरांऐवजी नावं द्या. खर्च शून्य. मी तपासून दिलं. तिनं टाईप करून साहेबांना दिलं. आठवड्यानं शेरा आला: "नोंद घेतली."

नोंद घेतली. हे दोन शब्द लिहिणाऱ्या माणसाचा हात कसा असेल हे मी गेले पाच आठवडे मनात बघतेय. नखं कापलेली असतील. पेन चांगलं असेल.

मग तो मंगळवार आला. सकाळी पावणेअकराला स्थानकात आधी एक स्फोट, मग दुसरा, आणि वरच्या मजल्यावरून गोळीबार. किती जण होते ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. घाई गाड्यांच्या खुर्चीवर होती. आठच्या आठ फोन एकदम वाजायला लागले. तिकीट खिडकीतली एक बाई टेबलाखालून कुजबुजत होती आणि फोन घेणारी मुलगी तिला विचारत होती, "खिडकी कितवी? बाई, फक्त नंबर सांगा." घाईनं सहा गाड्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर उभ्या केल्या. त्यापुढे जायला लष्कराची परवानगी लागते. तो नियम बरोबर आहे, जखमींना आणायला गेलेली माणसंच जखमी होऊ नयेत म्हणून. सगळ्यात पुढे सात नंबर, म्हणजे विमान.

आत सैनिकांनी जीव धोक्यात घालून एकोणीस जखमी ओढत एका जागी आणले. मागे काँक्रीटची भिंत आहे अशी एकच जागा होती. तीच ती. पत्रा सात.

पोलिसांचं वायरलेस बंद पडलं होतं, म्हणून लष्कराचा अधिकारी घाईच्या वाहिनीवर आला. घाईनं विचारलं, "सात नंबर पुढे आणू का?"

खरखर झाली. मग उत्तर आलं: "सात नंबर थांबा."

तिनं विचारलेलं सातबद्दल. उत्तर आलं सातबद्दल. तिनं विमानाला सांगितलं, "सात, थांबा."

तो अधिकारी तेवढं सांगून जिन्याकडे धावला होता. त्याच्या दृष्टीनं गाड्या निघाल्या होत्या.

चार मिनिटं गेली. मग विमान.

"ताई, मला इथून लोक दिसतायत. भिंतीपाशी."

"किती?"

"मोजता येत नाही. एक सैनिक हात हलवतोय."

"कसा हलवतोय? या म्हणून की मागे जा म्हणून?"

"ताई, हात हलवतोय म्हणजे हलवतोय. मी काय नाचाचा मास्तर आहे?"

तिनं लष्कराला पुन्हा विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. तिनं साहेबांकडे बघितलं. साहेब काचेच्या खोलीत फोनवर होते. तिनं काच वाजवली. त्यांनी तळहात दाखवला आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "वरून विचारतोय. कळवतो."

"सर, किती वेळ?"

"अहो, वर म्हणजे वर. त्यांचं जेव्हा येईल तेव्हा."

ती खुर्चीत परत आली. अकरावं मिनिट चालू होतं. हे सगळं ध्वनिमुद्रित आहे, मी माझ्या मनचं सांगत नाही. तिनं हेडफोन सरळ केला आणि म्हणाली, "विमान, माझ्या जबाबदारीवर. निघा."

"सात निघाली," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताई, नोकरी गेली तर माझ्या मेव्हण्याचं पिठाचं दुकान आहे. दोन माणसं लागतात."

सात गेली, तिच्यामागे चार नंबर, मग नऊ नंबर. गोळीबार चालूच होता. सातची पुढची काच फुटली आणि विमानाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्याच हातानं गिअर टाकत तो इस्पितळात पोचला. एकोणिसांपैकी तेरा वाचले. सहा गेले. डॉक्टरांनी नंतर चौकशीत सांगितलं, की त्यातले दोघं रक्तस्रावानं गेले, दहा मिनिटं आधी आले असते तर सांगता येत नाही, कदाचित.

ते "कदाचित" माझ्या मुलीच्या उशाशी झोपतं.

हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी तो लष्करी अधिकारी कक्षात आला. त्याचा एक जवान जिन्यात मारला गेला होता. तो भांडायला आला नव्हता. घाईच्या खुर्चीपाशी उभा राहून त्यानं हळूच विचारलं, "मी सांगितलं होतं ना, सात नंबर थांबा. का नाही आलात?"

घाई म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणूनच थांबवली."

मग त्यानं भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं, मग टेबलावर ठेवलेल्या गाड्यांच्या नंबरांच्या यादीकडे, आणि खाली बसला. ओल्या फरशीवर, खुर्ची असताना. हे त्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीनं मला सांगितलं. जाताना तो म्हणाला, "मला कुणीच सांगितलं नव्हतं, की यावर कधी गोंधळ झाला होता."

त्याला कसं कळणार? नोंद घेतली होती ना.

आता तो कागद. घाईनं संध्याकाळी मला फोनवर वाचून दाखवला, बातम्या वाचाव्या तशा आवाजात. दोन आरोप. एक: स्पष्ट आदेश मिळूनही वाहन अकरा मिनिटं रोखून धरलं. दोन: आदेश नसताना वाहन धोक्याच्या हद्दीत पाठवलं. खाली सहीची जागा.

तेव्हा मला काही सुचलं नाही. नोकरी राहील एवढंच ऐकू आलं, आणि मी "सही कर" म्हणाले. फोन ठेवल्यावर भांडी घासताना माझा हात थांबला. म्हटलं, हे दोन्ही खरं कसं असेल? त्या अधिकाऱ्यानं "सातव्या थांब्यावर या" असं सांगितलं असेल, तर गाडी आदेशानंच आत गेली, मग दुसरा आरोप कशाचा? आणि "थांबून राहा" असं सांगितलं असेल, तर तिनं थांबवली हे बरोबरच केलं, मग पहिला आरोप कशाचा? सातवीच्या मुलाला विचारा. "थांबा" हे एका वाक्यात नाम असेल नाहीतर क्रियापद असेल. या लोकांनी पहिल्या ओळीत त्याचं नाम केलंय आणि दुसऱ्या ओळीत क्रियापद, आणि दोन्हीकडून माझी मुलगी फाशी. चौकशी समितीत पाच माणसं आहेत, पाचही शिकलेली. एकाच्याही लक्षात आलं नसेल? आलं असणार. शाळेत मी असल्या उत्तराला शून्य देऊन वर पालकांना बोलावलं असतं.

आणि ते पत्र? घाईनं समितीला सांगितलं होतं, की मी दीड वर्षापूर्वी लेखी कळवलंय. साहेब म्हणाले, "असं पत्र कार्यालयाच्या दप्तरात आढळत नाही." तिची प्रत कक्षातल्या तिच्या कपाटात होती. तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं त्या दिवशी कपाटाची किल्ली ठेवून घेतली. कपाट नंतर "स्वच्छ करण्यात आलं". स्वच्छ म्हणे.

मी तिला मागच्या आठवड्यात म्हटलं होतं, "अगं, पत्राचा मुद्दा सोडू नकोस." ती म्हणाली, "पत्राचं काय घेऊन बसलीस? ते लिहिणारी मीच ना. हा घोळ होऊ शकतो हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. आणि मलाच ऐकू नाही आलं." म्हणून ती सही करायला निघालीय. भीतीनं किंवा पगारवाढीसाठी नाही. रक्तस्रावानं गेलेल्या त्या दोघांचं कुणीतरी देणं लागतं आणि बाकी कुणी पुढे येत नाही, म्हणून. आणि समितीतल्या लोकांना हे पक्कं माहीत आहे. प्रामाणिक माणूस सापडला की यांना खुर्ची सापडल्यासारखं होतं, बसायला.

झोप लागेना म्हणून मी इथे लिहायला बसले. लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली आणि उठून कपाट उघडलं. तपासलेले कागद मी टाकत नाही, शाळेपासूनची सवय आहे. हे त्यावरून किती बोलतात. खालच्या कप्प्यात निळ्या फाईलीत मिळालं. घाईच्या हातचा कच्चा मसुदा. वर सरावाच्या दिवसाची तारीख. आणि कोपऱ्यात तिच्याच अक्षरात आवक क्रमांक. आता आठवतं, पत्र देऊन आली त्या दिवशी जेवताना मसुदा परत देत म्हणाली होती, "आई, हा नंबर तुझ्याकडे ठेव, माझ्याकडून हरवेल." आवक क्रमांक म्हणजे त्यांच्याच नोंदवहीत त्या क्रमांकाची ओळ असणार. दप्तरातून पत्र काढता येतं. नोंदवहीतून एक ओळ काढायची तर आधीचं आणि नंतरचं पान पण बोलतं.

मी इतकी खूश झाले, की हाक मारून यांना उठवणार होते. मग मसुदा वाचला.

मधल्या परिच्छेदात घाईनं लिहिलं होतं: "हे बदललं नाही तर खऱ्या हल्ल्यात माणसं मरतील." त्यावर लाल रेघ आहे. माझी. वर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलंय: "अन्यथा प्रसंगी गैरसोय होण्याची शक्यता नाकारता येत नाही." आणि समासात तिच्यासाठी सूचना: "भाषा भडक नको. वरिष्ठांना पत्र आहे."

गैरसोय. हा शब्द मी लिहिला. तिनं वाद घातला असणार, ती घालतेच. मला आठवतही नाही. मी म्हटलं असेन, की असं लिहिलंस तर ते वाचणार नाहीत. आता वाटतं, तसंच गेलं असतं तर "नोंद घेतली" लिहिताना तो हात क्षणभर तरी अडखळला असता. कदाचित. आता मलाही एक "कदाचित" मिळालं.

मघाशी एकदा मनात आलं, की आवक क्रमांकाचा तेवढा कोपरा कापून द्यावा. बाकी कुणी बघायची गरज नाही. माझ्याच साहेबीची मला शिसारी आली. नाही. अख्खा कागद जाईल, लाल रेघेसकट. समितीसमोर विचारलं तर सांगेन, की ही रेघ माझी आहे, मुलीनं नीट लिहिलं होतं, मी गुळगुळीत केलं. साहेबांना पण त्यांच्या शेऱ्याचं सांगू द्या मग.

पावणेतीन वाजलेत. सकाळी सांगेन असं आधी ठरवलं होतं. पण सकाळी ती फोन बंद करून निघेल, आणि संध्याकाळी मीच तिला "सही कर" म्हणालेय. ते वाक्य रात्रभर तिच्याजवळ राहायला नको. झोपलेली नसणारच. उचलेल आणि म्हणेल, "बोल." आणि मग गप्प बसून ऐकेल, तोच धोका आहे. मी सकाळपासून सुरुवात केली, चपलेवर गेले, तर ती शेवटपर्यंत ऐकून घेईल आणि "बरं" म्हणेल.

म्हणून पहिलं वाक्य तिच्या पद्धतीनं ठरवलंय. आधी पत्ता. माझं कपाट, खालचा कप्पा, निळी फाईल. सही करायची नाही हे त्यानंतर. आणि लाल रेघेचं सगळ्यात शेवटी, पण तिथपर्यंत ती मला बोलू देणार नाही, मधेच तोडेल आणि विचारेल, "आई, आवक क्रमांक काय आहे?"

तोडू दे. फोन लावते.